हाडं दुखतात, दम लागतो? किडनीकडेही बघा



मार्च महिन्यातला दुसरा गुरुवार जगभर किडनी दिवस म्हणून पाळला जातो. त्या निमित्तानं या वेळचा आरोग्याचा पाठ किडनीवर घेतला आहे. किडनी म्हटलं की आपल्याला मुतखडा आठवतो, नाहीतर एकदम डायलिसिस. या दोन्हींच्या मध्ये वर्षानुवर्षं चालणारा एक मुका आजार असतो. किडनी हळूहळू कमजोर होत जाते, दुखत काहीच नाही, आणि त्या काळात हाडं पोखरली जातात, हृदयावर ताण वाढत जातो. आज त्याबद्दल बोलू. ग्रामसंघाच्या बैठकीत हा पाठ एकीनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा.

आधी घडलेली गोष्ट सांगते. आमच्या गटातली एक जुनी सभासद, वय पन्नाशीच्या पुढं. नाव सांगत नाही. दोन वर्षं एकच म्हणायची, "हाडे दुखी ऱ्हायनात माय." कपाशी वेचायला जायची, संध्याकाळी दुकानातून दुखण्याची गोळी घ्यायची, सकाळी परत शेतात. बीपीची गोळी चालू होती, पण "आता बरं वाटतंय" म्हणून मध्येच सोडली. हाडांसाठी मालिश झाली, कॅल्शियमच्या डब्या झाल्या. गटातून दोनदा कर्ज घेतलं. अर्जावर 'कशासाठी' या रकान्यात 'हाडांचा इलाज' लिहिलं होतं आणि त्याखाली माझीही सही होती. मग एक दिवस पायांवर सूज आली, रात्री आडवं झालं की दम लागायला लागला. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन सहाच्या वर. डॉक्टर म्हणाले, किडनीचा आजार बराच जुना आहे, हाडांचं दुखणं आणि हा दम दोन्ही त्याच्याशी जोडलेले आहेत.

आम्ही कर्ज मंजूर केलं, वसुलीही वेळेवर झाली. पण "ताई, बीपीची गोळी चालू आहे ना? लघवी-रक्त कधी तपासलं?" हे दोन वर्षांत आमच्यापैकी एकीनंही विचारलं नाही. म्हणून हा पाठ.

किडनीचं काम नुसतं लघवी गाळायचं नाही

पाठीत, बरगड्यांच्या खालच्या बाजूला, मणक्याच्या दोन्ही अंगांना मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. दोघी मिळून दिवसभरात सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात, त्यातलं बहुतेक सगळं शरीराला परत देतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. एवढं आपल्याला ढोबळ माहीत असतं. पण किडनी आणखी चार कामं करते:

१. बीपी ताब्यात ठेवते.
२. रक्त वाढवायचा निरोप हाडांच्या मगजाला पाठवते. हा निरोप कमी झाला की हिमोग्लोबिन उतरतं.
३. उन्हातून आणि अन्नातून मिळालेलं ड जीवनसत्त्व 'कामाचं' बनवते. त्याशिवाय आतड्यातून कॅल्शियम नीट ओढलं जात नाही.
४. अन्नातलं जास्तीचं फॉस्फरस आणि पोटॅशियम बाहेर टाकते.

किडनी कमजोर झाली की ही चारही कामं अडतात. तिथूनच हाडांची आणि हृदयाची कहाणी सुरू होते.

हाडांमधली बचत कशी संपते

आपण गटवाल्या बायका, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांमध्ये आणि दातांमध्ये ठेवलेलं असतं. ती आपली बँकेतली ठेव. रक्तात अगदी थोडं असतं, ती पेटीतली रोख. पण ती थोडी रोखच रोज लागते, कारण हृदयाचा ठोका, स्नायूंची हालचाल, नसांचे निरोप सगळं तिच्यावर चालतं. ती कमी पडून चालत नाही.

ही रोख सांभाळणारी खजिनदार गळ्यात बसलेली आहे. थायरॉइडच्या मागं तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की त्या पीटीएच नावाचा रस सोडतात, आणि तो हाडांमधल्या ठेवीतून कॅल्शियम काढून रक्तात आणतो.

निरोगी माणसात हे चांगलंच आहे. आज ठेवीतून काढलं, उद्या जेवणातून भरलं. पण किडनी बिघडली की दोन्हीकडून कोंडी होते. ड जीवनसत्त्व कामाचं होत नाही, म्हणून जेवणातलं कॅल्शियम आत येत नाही. फॉस्फरस बाहेर जात नाही, ते रक्तात साठतं आणि खजिनदाराला आणखी घाबरवतं. मग ती रोजच ठेव मोडायला लागते. भरणा नाही, नुसती उचल. काही वर्षांनी हाडं आतून ठिसूळ होतात. कंबर, मांड्या, पाय दुखतात. बसल्या जागेवरून उठताना मांड्यांत जोर राहत नाही. अंगाला खाज सुटते. साधं घसरून पडलं तरी खुब्याचं हाड मोडतं.

लहान मुलाला हा आजार झाला तर त्याची उंची खुंटते, पाय वाकतात. म्हणून वाढ थांबलेलं, चेहरा सुजणारं मूल असेल तर "अंगकाठीच लहान आहे" म्हणून सोडू नका, दाखवा.

मोडलेली ठेव जाते कुठं?

ठेव मोडली, पण ती कामाला लागली असती तरी बरं. तसं होत नाही. हाडांतून निघालेलं कॅल्शियम आणि साठलेलं फॉस्फरस रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आणि हृदयाच्या झडपांवर जाऊन बसतं.

केळीला, कपाशीला ठिबक लावलेल्या घरांत हे लगेच समजेल. बोअरचं जड पाणी असलं की नळ्यांत आणि छिद्रांत पांढरा क्षार धरतो, नळी कडक होते, पाणी पुढं जात नाही आणि मोटरवर लोड येतो. शरीरात नळ्या म्हणजे रक्तवाहिन्या आणि मोटर म्हणजे हृदय. फरक एवढाच की ठिबकच्या नळ्या आम्ल सोडून धुता येतात, रक्तवाहिन्या धुता येत नाहीत. तिथं क्षार बसू न देणं हाच खरा इलाज.

हृदयावर आणखी तीन ओझी पडतात. बीपी वाढतं. पाणी आणि मीठ अंगात साठतं. आणि हिमोग्लोबिन कमी असल्यामुळं तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त धावावं लागतं. अशा धावण्यानं हृदयाची भिंत जाड होते आणि पुढं थकते. पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचा ठोकाच चुकतो, कधी थांबतो.

म्हणूनच किडनीचा जुना आजार असलेल्या पुष्कळ माणसांना डायलिसिसची वेळ यायच्या आधीच हृदयविकार गाठतो. पूर्वी डॉक्टर मंडळीही याला फक्त 'हाडांचा आजार' मानायची. २००६ साली जगभरातल्या किडनी तज्ज्ञांनी मिळून जाहीर केलं की रक्तातले क्षार, हाडं आणि रक्तवाहिन्या हा एकच आजार आहे, त्याकडे एकत्रच बघायचं. आपणही तसंच बघू.

कुणी तपासून घ्यायचं?

किडनी खराब होण्याची सगळ्यात मोठी दोन कारणं म्हणजे साखर आणि बीपी. ज्यांना यातलं काहीही आहे, त्यांनी वर्षातून एकदा तरी किडनी तपासावी. शिवाय ज्या वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या खातात, ज्यांना परत परत मुतखडा होतो, ज्यांच्या घरात कुणाला किडनीचा आजार आहे, ज्यांना गरोदरपणात बीपी वाढून त्रास झाला होता, त्यांनीही.

तपासण्या साध्या आहेत: बीपी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन. लघवीला फेस येतो आणि तो लवकर बसत नाही, हे प्रथिन जात असल्याचं लक्षण असू शकतं.

क्रिएटिनिनचा आकडा बघून फसू नका. साठीच्या बाईचं क्रिएटिनिन १.३ आलं तर "थोडंसंच वाढलंय" वाटतं. पण वय धरून हिशेब केला तर तिची किडनी निम्म्याच्या आसपासच काम करत असते. या हिशेबाला ईजीएफआर म्हणतात. डॉक्टरांना विचारायचं, "माझा ईजीएफआर किती?" तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर किडनीचा जुना आजार आहे असं धरतात. १५ च्या खाली गेला तर डायलिसिस किंवा किडनी बदलण्याचा विचार सुरू होतो.

आजार आहे असं कळलं की मग कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, पोटॅशियम आणि हृदयाची पट्टी म्हणजे ईसीजी, लागलं तर टूडी इको, हे डॉक्टर सांगतील तसं करायचं.

आपल्याकडून होणाऱ्या पाच चुका

पहिली चूक, दुखण्याच्या गोळ्या. हाडं दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी गोळी खायची, त्या गोळीनं किडनी आणखी बिघडते, किडनी बिघडली की हाडं आणखी दुखतात. हे चक्र आहे. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी, तीही विचारून आणि मापात.

दुसरी चूक, मनानं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या पुड्या घेणं. निरोगी बाईला त्या उपयोगी पडत असतील. पण किडनी कमजोर असेल तर जास्तीचं कॅल्शियम हाडांत न जाता रक्तवाहिन्यांत बसू शकतं. किती घ्यायचं ते रिपोर्ट बघूनच ठरतं. हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती काही इंजेक्शनं-गोळ्याही किडनीच्या रुग्णाला चालत नाहीत. म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलं की पहिलं वाक्य हेच, "मला किडनीचा त्रास आहे."

तिसरी चूक, 'कमी सोडियमचं' मीठ. बीपीसाठी चांगलं म्हणून घरात आणतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि किडनीच्या रुग्णाला तेच घातक. सैंधव मीठही शेवटी मीठच आहे.

चौथी चूक, पित्ताची पातळ औषधं बाटल्या बाटल्या पिणं आणि कुणी दिलेली भस्मं, पुड्या खाणं. पित्ताच्या काही औषधांत ॲल्युमिनियम असतं. किडनी ते बाहेर टाकू शकली नाही तर ते हाडांत साठतं. पुडीत काय आहे हेच माहीत नसेल तर ती घ्यायचीच नाही.

पाचवी चूक, बीपी-साखरेची गोळी बंद करणं. गोळी चालू आहे म्हणून बीपी बरं आहे. गोळी बंद केली की परत चढणार.

ताटात काय ठेवायचं?

आधी मीठ. दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर. त्यात भाजी, भाकरी, ठेचा, लोणचं सगळं आलं. आपल्याकडची शेवभाजी, लोणचं, पापड, कुरडया चवीला उत्तम, पण त्यांत मीठ भरपूर, आणि पापडखारातही सोडियमच असतं. आपल्यातल्या कितीतरी गटांचा धंदाच पापड-लोणच्याचा आहे, तो बंद करा असं म्हणत नाही. पण किडनीच्या माणसाच्या ताटात ते रोज नको.

मग फॉस्फरस. डाळी आणि धान्यातलं फॉस्फरस शरीर निम्म्याच्या आसपासच ओढतं. पण काळी कोल्ड्रिंक्स, पाकिटातले तयार पदार्थ यांत वरून घातलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं रक्तात उतरतं. म्हणून बाटली आणि पाकीट आधी सोडायचं. ज्वारी-बाजरीची भाकरी आणि डाळ मनानं सोडायची नाही. डाळ अजिबात बंद केली की अंगातली ताकद जाते. किती खायची ते डॉक्टर सांगतील. दूध, पनीर, खवा यांचंही तसंच.

पोटॅशियमचं पथ्य सगळ्यांना नसतं. रिपोर्टमध्ये वाढलेलं असेल तरच. तेव्हा मात्र केळी, नारळपाणी, टोमॅटोचं सार, सुकामेवा यांना आवर घालावा लागतो. जळगाव-धुळ्यात राहून केळी नको म्हणणं अवघड आहे, पण रिपोर्ट चढलेला असताना आजाऱ्याला भेटायला केळी आणि नारळपाणी घेऊन जायचं नाही, एवढं तरी लक्षात ठेवा. बटाटा खायचा असेल तर चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्यायचं.

पाणी किती प्यायचं? निरोगी बाईनं वैशाखात कपाशीच्या-केळीच्या शेतात काम करताना तहान मारू नये, भरपूर प्यावं. पण ज्याला सूज आहे, लघवी कमी होते, त्यानं डॉक्टर सांगतील तेवढंच. एका दिवसात एक किलो वजन वाढलं म्हणजे जवळजवळ लिटरभर पाणी अंगात साठलं असं समजा.

आणि मिश्री, तंबाखू बंद. किडनी आणि रक्तवाहिन्या दोघींची ती वैरीण आहे.

औषध कधी घ्यायचं, तेही महत्त्वाचं

फॉस्फरस वाढलं की डॉक्टर एक गोळी जेवताना घ्यायला सांगतात. ती पोटात अन्नातल्या फॉस्फरसला बांधते आणि शौचावाटे बाहेर काढते. ही गोळी घासाबरोबरच घ्यायची. उपाशीपोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी घेतली तर अन्न पुढं निघून गेलेलं असतं, बांधणार कुणाला? घरातल्या सुनेला, मुलाला हे समजावून ठेवा.

डायलिसिसवर असलेल्यांनी एकही पाळी चुकवू नये. लग्न असो, शेताचं काम असो. दोन पाळ्यांमधलं अंतर वाढलं की पाणी आणि पोटॅशियम साठतं, आणि घाव हृदयावर बसतो.

कुठं जायचं?

साठी ओलांडलेल्या आयांना आणीबाणीचा काळ आठवत असेल. १९७५ साली जयप्रकाश नारायण यांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचं डायलिसिस झालं. त्या काळी ही सोय मोजक्या मोठ्या दवाखान्यांत होती. आज तसं नाही.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी-साखरेची तपासणी गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात होते, आशाताईंना विचारा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार विनामूल्य आहेत. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शिरपूरचं उपजिल्हा रुग्णालयही आलं. पुढच्या उपचाराला धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

डायलिसिस आणि किडनी बदलण्याचं ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. २०१२ साली ही योजना वेगळ्या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला धुळे जिल्हा होता. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटायचं. चौकशीचा फोन १५५३८८.

झोपल्यावर दम लागणं, छातीवर दाब, जबडा किंवा डावा हात दुखणं, अचानक घाम आणि मळमळ, ठोका चुकल्यासारखं वाटणं, यातलं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा. साखर असलेल्या बाईला हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखेलच असं नाही, नुसता दम आणि घामही येऊ शकतो.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटात बीपी किंवा साखर असलेल्या किती जणी आहेत? त्यातल्या कितींनी या वर्षी क्रिएटिनिन आणि लघवी तपासली?
२. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा दुखण्याची गोळी कोण घेतं? दुकानातून की डॉक्टरांकडून?
३. घरात कुठलं मीठ वापरतो? पाकीट आणून वाचा.
४. फॉस्फरसची गोळी जेवणाबरोबरच का घ्यायची? पाठ न बघता एकीनं सांगावं.

आणि एक ठराव सुचवते. यापुढं कुणी आजारपणासाठी कर्जाचा अर्ज केला, तर सही करण्याआधी अध्यक्ष-सचिवांनी दोन प्रश्न विचारायचे: "बीपी मोजलं का? किडनी तपासली का?" तपासली नसेल तरी कर्ज अडवायचं नाही. कर्ज द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी एकीनं तिच्यासोबत दवाखान्यात जायचं.

सुरुवातीला सांगितलेली आमची ती ताई आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते. काठी धरून का होईना, बैठकीला येते. मागच्या महिन्यात शेजारच्या गटातली एक जण "गुडघे फार दुखतात, गोळी द्या" म्हणत होती, तर हीच पुढं झाली आणि म्हणाली, "गोळी राहू दे माय, आधी रक्त तपास." हा सगळा पाठ एवढ्या एका वाक्यात आला.